फोर्क आणि फाळका

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूरच्या मानकिवलीत रस्त्यावर एक बिननंबरचं वाहन सर्रास दिसतं. एका प्लॉटवरून माल उचलायचा, रस्ता ओलांडायचा, समोरच्या प्लॉटवर उतरवायचा आणि रिकामं परत यायचं. पाळी सुटलेले कामगार त्याला वळसा घालून जातात, रिक्षावाले हॉर्न वाजवतात आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(28) ने, केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळलं आहे. त्यामुळे आवारात फिरणाऱ्या फोर्कलिफ्टला आरटीओचा नंबर लागत नाही. पण ही सवलत आवारापुरतीच. फाटकाबाहेर चाक पडलं की रस्ता सार्वजनिक होतो, आणि दोन प्लॉटमधल्या त्या पंचवीस-तीस फुटांत काही घडलं तर विमा कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालू शकतो.

फोर्कलिफ्टविषयी बोलताना लोक यंत्राविषयी बोलतात. मला जास्त काळजी वाटते ती अशा मधल्या जागांची: दोन प्लॉटमधला रस्ता, ट्रक आणि माल चढवायचा धक्का यांच्यामधली फट, कंपनी आणि ठेकेदार यांच्यामधला करार. यंत्र आपल्या गुणधर्मानुसार वागतं आणि ते गुणधर्म आधीच माहीत असतात. मधल्या जागेला मात्र मालक नसतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत ही मधली जागा तीन तऱ्हांची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच धंदे उभे राहिले. तिथे गाळा आहे, गोडाऊन आहे, पण ट्रक मागे लावायला धक्का असा नाहीच. माल रस्त्यावर उतरतो. अंबरनाथला विम्कोच्या काड्यापेटीच्या कारखान्यापासून आयुध निर्माणीपर्यंत मोठ्या उद्योगांची परंपरा, आणि पुढे एमआयडीसीचे आखीव प्लॉट. इथे काहींनी सिमेंटचे धक्के बांधलेत, बरेच जण फोर्कलिफ्टनेच ट्रकच्या बाजूने माल चढवतात. बदलापूरकडे जमीन चढ-उताराची, त्यामुळे गाळ्याच्या तोंडाशी बहुधा उतार. भिवंडीच्या नव्या गोदामांत दिसतात तसे, धक्का आणि ट्रक यांची उंची जुळवणारे हायड्रॉलिक डॉक लेव्हलर इकडे थोड्याच ठिकाणी सापडतील. म्हणजे परदेशी पुस्तकातले सुरक्षेचे नियम जसेच्या तसे इथे चिकटवता येत नाहीत. ते ज्या तत्त्वांवर उभे आहेत ती समजून घेतली, तर मात्र आपल्या गाळ्यापुरते नियम आपणच करू शकतो.

तर आधी यंत्र. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. टेकू म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. एका पारड्यात फोर्कवरचा माल, दुसऱ्यात खुद्द गाडीचं वजन, त्यातही मागे मुद्दाम बसवलेला बिडाचा जाड ठोकळा. म्हणून तीन टन उचलणारी डिझेल फोर्कलिफ्ट स्वतः चार-साडेचार टनांची असते. कारपेक्षा छोटी दिसते म्हणून लोक तिला हलकी समजतात. प्रत्यक्षात ती चार-पाच मारुती गाड्यांच्या वजनाची आहे.

गाडीवर एक धातूची पाटी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं की अमुक वजन, अमुक उंचीपर्यंत, आणि मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून 500 मिलिमीटरवर असेल तर. या शेवटच्या अटीकडे कुणी बघत नाही. 'तीन टनांची गाडी आहे' एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पाटीवर दोन वेळा पिवळा रंग चढलेला असतो आणि जे वाचता येतं ते इंग्रजीत असतं.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराशी संबंधित एक उदाहरण करून पाहू. प्लायवुडचा पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचा, म्हणजे साधारण 2440 बाय 1220 मिलिमीटर. तीन टनांच्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या उभ्या बाजूपर्यंतचं अंतर 450 मिलिमीटर धरू. पाटीनुसार गाडी पेलते ते 3000 गुणिले 950, म्हणजे 28 लाख 50 हजार. हा आकडा म्हणजे तराजूच्या एका पारड्याची मर्यादा. आता शीटांचा गठ्ठा लांब बाजूने उचलला तर फोर्क चार फूट खोल जाणार आणि मालाचा मध्य 610 मिलिमीटरवर येणार. 28 लाख 50 हजाराला 1060 ने भागा: 2689 किलो. ठीक, तीनशे किलो कमी. पण लांब बाजूने उचललेला गठ्ठा गाडीपुढे आठ फूट आडवा पसरतो आणि उल्हासनगरच्या गल्लीत आठ फूट मोकळे मिळाले तर नशीबच. म्हणून ऑपरेटर तो गठ्ठा अरुंद बाजूने उचलतो. मध्य गेला 1220 वर. 28 लाख 50 हजाराला 1670 ने भागा. 1707 किलो! तीच गाडी, तेच प्लायवुड, तोच ऑपरेटर, आणि तीन टनांची क्षमता पावणेदोन टनांच्याही खाली आली. गल्ली अरुंद आहे एवढंच कारण. (हा हिशेब ढोबळ आहे, आणि माल उंच नेला की क्षमता आणखी घटते. नेमके आकडे गाडीच्या कंपनीकडूनच घ्यावेत.)

अशा वेळी मागची चाकं हलकी होतात. फोर्कलिफ्ट वळते ती मागच्या चाकांवर, त्यामुळे ती उचलली गेली की स्टिअरिंग हातात असूनही गाडी वळत नाही. मग कुणीतरी सुचवतं, 'दोघे मागे बसा रे, वजन होईल.' मागच्या ठोकळ्यावर माणसं बसवून क्षमता वाढवणं हा आपल्याकडचा जुना आणि अत्यंत वाईट जुगाड आहे. गाडी कलंडली तर सर्वांत आधी तेच फेकले जातात.

पुढे झुकणं निदान दिसतं तरी. आडवं पडणं अचानक होतं. चार चाकांची गाडी म्हणून तिचा आधार चौकोनी असेल असं वाटतं, पण मागचा अ‍ॅक्सल मधोमध एकाच खिळीवर डोलतो. म्हणून आधार तिकोनी: पुढची दोन चाकं आणि मागची ती खिळी. गाडी आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या बाहेर सरकला की गाडी पडते. माल वर उचलून वळलात, उतारावर वळलात, रिकाम्या गाडीने वेगात वळण घेतलंत, तिन्हींत तो मध्य बाहेर सरकतो. रिकामी गाडी सुरक्षित असते हा समज खास घातक. माल नसताना वजन मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे असतं.

म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून वीतभर, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) थोडा मागे कललेला. उतारावर भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूला: चढताना पुढे, उतरताना गाडी रिव्हर्स. बदलापूरच्या गाळ्यांपुढच्या उतारांवर नेमकं उलटं दिसतं, कारण समोर बघत उतरणं सगळ्यांना स्वाभाविक वाटतं. आणि गाडी पडायला लागली तर उडी मारायची नाही. हे शिकवल्याशिवाय कुणाला सुचणार नाही, कारण शरीर उडीच मारायला बघतं. माणूस पडतो त्याच बाजूला, आणि वरून येते डोक्यावरची लोखंडी चौकट किंवा मास्ट. पट्टा बांधलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले आणि अंग पडण्याच्या विरुद्ध बाजूला झोकलेलं, असं आत बसून राहणाऱ्याची वाचण्याची शक्यता जास्त. पट्टा नको म्हणणाऱ्या ऑपरेटरचा युक्तिवाद असतो की दिवसातून शंभर वेळा उतरावं लागतं. खरं आहे ते. मग त्याला शंभर वेळा का उतरावं लागतं, हे सुपरवायझरने बघायला हवं. पॅलेट सरळ करायला, कागद द्यायला, ट्रकचा फाळका (मागची उघडणारी फळी) उघडायला तोच उतरत असेल तर कामाची आखणी चुकली आहे.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने, निऑशने, ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या आकडेवारीवरून काढलेला हिशेब असा होता की तिथे दरवर्षी फोर्कलिफ्टमुळे जवळपास 100 कामगार मरतात आणि सुमारे 20,000 गंभीर जखमी होतात. मृत्यूंत 22 टक्के गाडी उलटून आणि 20 टक्के पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसून. हा दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा, कारण आपल्याकडे फोर्कलिफ्टच्या आसपास पायी माणसं कितीतरी जास्त असतात.

ती माणसं म्हणजे हमाल. फोर्कलिफ्ट आली म्हणून हमाल गेला, असं या पट्ट्यात झालेलं नाही. दोघं एकाच धक्क्यावर काम करतात. महाराष्ट्रात या कामगारांसाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी संघटना बांधली. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणण्याची मागणी लावून धरली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली होती. हा सगळा झगडा पाठीवरच्या वजनाचा होता, आणि तो योग्यच होता. यंत्राने ते वजन पुष्कळ हलकं केलं. पण त्याच फरशीवर चार टनांचं यंत्र फिरायला लागल्यावर हमालाने कुठून चालायचं, हे ठरवायचं राहून गेलं.

डोक्यावर पोतं घेतलेल्या माणसाला मान वळवता येत नाही. फोर्कवर छातीएवढा माल असेल तर ऑपरेटरला पुढचं दिसत नाही. दोघांनाही एकमेकांचा फक्त आवाज, आणि तोही ट्रकच्या इंजिनात बुडालेला. त्यातच गाडी मागच्या चाकांवर वळते, म्हणजे पुढचं टोक जागच्या जागी राहून शेपटाकडची बाजू झपाट्याने बाहेर फेकली जाते. बाजूला भिंतीशी उभा राहून गाडी जाऊ देणारा माणूस त्या शेपटात आणि भिंतीत सापडतो. यावर उपाय जमिनीवर पिवळा पट्टा मारणं एवढाच समजला जातो. पट्ट्यावर आठवड्याभरात पोती येतात. लोखंडी कठडा लावा, नाहीतर वेळ वाटून घ्या: हमालांची टोळी ट्रकमध्ये असताना फोर्कलिफ्ट बंद, फोर्कलिफ्ट चालू असताना टोळी बाहेर. टोळीच्या मुकादमाशी एकदा बसून बोललं तर हे जमतं. तो नाही म्हणत नाही. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आता ट्रक. बांधलेला धक्का साधारण चार फूट उंच. ट्रक मागे घेताना क्लीनर मागच्या कोपऱ्यावर उभा राहून बॉडीवर थाप मारत ओरडतो, 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स!' हा 'बस्स' ऐकू येईपर्यंत तो ट्रक आणि धक्का यांच्या मधोमध उभा असतो. एवढी एक गोष्ट बदलली, क्लीनर ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा बाजूला उभा राहिला, तर चिरडण्याचा प्रकारच संपतो. धक्क्याच्या तोंडाला जुने टायर ठोकले की ड्रायव्हरला टेकल्याचं आपोआप कळतं. मग मध्ये कुणी लागतच नाही.

ट्रक टेकला, फाळका उघडला, मधल्या फटीवर चौकडीचा लोखंडी पत्रा टाकला, आणि फोर्कलिफ्ट आत गेली. इथे एक गोष्ट घडते जी डोळ्यांना दिसत नाही. आत जाऊन गाडीने ब्रेक मारला की त्याचा हिसका ट्रकला बसतो आणि ट्रक पुढे सरकतो. एका फेरीत बोटभरही नाही. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर पत्र्याची कड जेमतेम टेकलेली राहते. पुढच्या फेरीत पत्रा निसटतो आणि गाडीचं चाक फटीत जातं. हँडब्रेक पुरेसा नसतो, शिवाय फरशी पावसाने ओली असते. मागच्या चाकांच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे लाकडी किंवा रबरी ठोकळे लावले की सरकणं थांबतं. पत्र्याला खालून दोन लोखंडी खुंट्या वेल्ड करून घेतल्या की त्या फटीत अडकतात आणि पत्रा जागचा हलत नाही. एमआयडीसीतला कुठलाही वेल्डर हे तासाभरात करून देईल.

ट्रकची फरशी हा आणखी एक अंधारातला मामला. भरलेल्या तीन टनी फोर्कलिफ्टचं एकूण वजन साडेसात टनांच्या घरात, आणि माल उचललेला असताना त्यातलं बहुतेक पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे दोन टायरांखाली सहा-साडेसहा टन. जुन्या बॉडीच्या फळ्या यासाठी नसतात. छोट्या गाडीत फोर्कलिफ्ट घालूच नये. पॅलेट फाळक्याजवळ टेकवावं आणि आत हँड पॅलेटने ओढावं.

आणि मग सगळ्यात वाईट प्रकार. फोर्कलिफ्ट आत असताना ट्रक निघतो. मुद्दाम कुणी करत नाही. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला असतो, कुणीतरी 'झालं' म्हणतं, ते दुसऱ्याच ट्रकला उद्देशून असतं. जड वाहनांची बंदी सुरू व्हायच्या आत ठाण्यापलीकडे पोचायचं असतं. तो चावी फिरवतो. चार फुटांवरून मागे पडलेल्या गाडीतून माणूस वाचणं कठीण.

अपघातानंतर चौकशी सुरू झाली की चित्र असं असतं: गाळा एकाचा, माल दुसऱ्याचा, फोर्कलिफ्ट भाड्याची, ऑपरेटर ठेकेदाराचा, ट्रक ट्रान्सपोर्टवाल्याचा, हमाल टोळीचे. 'झालं' कुणी म्हणायचं, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात कलम 7अ आलं आणि कामाच्या जागेची सुरक्षा ही भोगवटादाराची जबाबदारी ठरली, कामगार कुणाचाही असो. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेने घेतली. मात्र विजेवर चालणारा उद्योग कारखाना ठरण्यासाठी केंद्रीय कायद्यात लागणाऱ्या कामगारांची संख्या 10 वरून 20 वर गेली. उल्हासनगर-अंबरनाथचे किती गाळे या वीसच्या आत बसतात, ते इथल्या कुणालाही सांगायला नको. कायद्याचा निरीक्षक येईल म्हणून सुरक्षा पाळायची, हा धाक छोट्या गाळ्यांच्या बाबतीत आणखी पातळ झाला. माझ्या मते ही संहितेची मोठी उणीव आहे.

अंबरनाथच्या रासायनिक पट्ट्यात वेगळी धास्ती असते. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये फोर्कचं टोक घुसलं तर सांडतं ते पाणी नसतं. सॉल्व्हंट असेल तर गाडीची ठिणगीही पुरते, म्हणून तिथे ज्वालारोधक गाडीच हवी आणि ड्रमसाठी फोर्कऐवजी पकडीचं जोडसाधन. बॅटरीवरच्या गाडीचं चार्जिंग उघड्या हवेशीर जागी करावं. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की तो पेटू शकतो. बंद शेडमध्ये डिझेल गाडी तासन् तास चालवली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. डोकं दुखतंय म्हणून चहा मागवणाऱ्या कामगाराला आधी बाहेर मोकळ्या हवेत बसवा. बाहेरून आलेली गाडी किती धोकादायक ठरू शकते, हे सप्टेंबर 2023 मध्ये शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार दगावले तेव्हा उल्हासनगरने पाहिलं आहे.

फोर्कवर पॅलेट, पॅलेटवर माणूस, वर ट्यूबलाइट बदलणं चालू: हे चित्र तुम्ही पाहिलं असेलच. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. शिडी आणा.

तुमचा गाळा असेल, किंवा तुम्ही एखाद्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर असाल, तर यंत्राचं प्रशिक्षण, कठडे, नवे लेव्हलर हे सगळं टप्प्याटप्प्याने करा. पण एक काम उद्या सकाळी पहिला ट्रक लागायच्या आधी होण्यासारखं आहे. सुपरवायझरच्या टेबलामागच्या भिंतीत एक खिळा ठोका. ट्रक टेकला की ड्रायव्हरकडून चावी घ्या आणि त्या खिळ्याला लावा. ट्रकची चावी खिळ्यावर आल्याखेरीज फाळका उघडायचा नाही, आणि फोर्कलिफ्ट बाहेर येऊन बंद झाल्याखेरीज चावी परत द्यायची नाही. ड्रायव्हर कुरकुरतील, एखादा शेठला फोनही लावेल. लावू द्या.